पंचनाम्याच्या आधीं

'आगोट' हा शब्द देशावरील वाचकांस कदाचित् परका वाटेल. परंतु कोंकणांत ज्यांचें बालपण गेलें असेल, त्यांना तो कानीं पडतांच वैशाखांतील धांवपळ आठवेल. आगोट म्हणजे पावसाळ्याचें तोंड. ती लागण्यापूर्वीं घर शाकारावयाचें, पडवीला झाप बांधावयाचे, जळण कोरडें असतांनाच आंत घ्यावयाचें, पेंढा झाकावयाचा, मीठ, चिंच, आमसुलें, कुळीथ, पापड यांची चार महिन्यांची बेगमी करावयाची, हा क्रम तेथें पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. एखाद्या वर्षीं पाऊस उशिरा आला किंवा बेताचाच पडला, तर 'शाकारणीचा खर्च फुकट गेला' असें म्हणून कपाळाला हात लावणारा गृहस्थ कोणीं पाहिला आहे काय? जी गोष्ट घरच्या गृहिणीला कोणी शिकवावी लागत नाहीं, ती जगांतील राज्यकर्त्यांच्या व मोठमोठ्या परोपकारी संस्थांच्या ध्यानीं येण्यास मात्र एकविसावें शतक उजाडावें लागलें.

आपल्याकडील संकटकाळच्या मदतीचा सारा व्यवहार पंचनाम्यावर उभा आहे. पूर यावा, घर पडावें, गाय वाहून जावी. मग तलाठी येणार, पांच माणसें पाहणार, सह्या होणार, कागद तालुक्याला जाणार, आणि यथाकाल भरपाई येणार. यांत तलाठ्याचा दोष नाहीं. सरकारी पैसा हा सर्वांचा पैसा. तो नुकसान झाल्याचा पुरावा पाहूनच द्यावा, हें कोणीहि मान्य करील. परंतु या पद्धतीचा एक अर्थ आपण सहसा उच्चारीत नाहीं. तो असा कीं, मदतीला पात्र होण्यासाठीं माणसानें प्रथम बुडालें पाहिजे.

३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' नांवाचें चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां याचा अनुभव कोंकणानें घेतला. हवामानखात्याची सूचना वेळेवर आली होती. किनाऱ्यावरील हजारों माणसें सुरक्षित जागीं हलविलीं गेलीं, आणि वादळाच्या मानानें प्राणहानि फार थोडी झाली. याबद्दल संबंधितांचे आभारच मानले पाहिजेत. पण श्रीवर्धन-दिवेआगरकडील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांचीं छपरें उडालीं, आणि तेंही ऐन आगोटीला! पोफळीचें रोप लावल्यापासून सुपारी हातीं येण्यास पांच-सात वर्षें लागतात. जीव वांचला, परंतु ज्यावर जगावयाचें तें गेलें, आणि त्यापुढचा पावसाळा उघड्या छपराखालीं पंचनाम्याची वाट पाहत काढावयाचा, अशी कित्येक घरांची स्थिति झाली. सूचना मिळणें ही एक गोष्ट आणि त्या सूचनेच्या बळावर हातांत कांहीं पडणें ही दुसरी. या दोहोंमधील अंतर किती मोठें आहे, हें तेथें दिसलें.

आतां हें अंतर कमी करणें शक्य आहे काय, याचा विचार करूं. अंदाजशास्त्राची प्रगति गेल्या पन्नास वर्षांत एवढी झाली आहे कीं, समुद्रांत उठलेलें वादळ कोणत्या बाजूच्या किनाऱ्यास लागेल, हें दोन-तीन दिवस आधीं बऱ्याच खात्रीनें सांगतां येतें. मोठ्या नदीचा पूर आठ-दहा दिवस आधीं ओळखतां येतो. अवर्षणाची चाहूल तर कांहीं महिने आधीं लागते. या मधल्या दिवसांचें करावयाचें काय, एवढाच प्रश्न उरतो. आजवर बहुतेक ठिकाणीं त्याचें उत्तर 'वाट पाहावयाची' असेंच होतें.

कल्पना म्हणून पाहिलें तर यांत अगदीं नवें कांहीं नाहीं. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानें दख्खन व मद्रास इलाखा उजाड केल्यावर सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालीं एक आयोग बसला. त्याच्या १८८० च्या अहवालांतून प्रांतोप्रांतींच्या 'दुष्काळ-संहिता' निघाल्या. धान्याचे भाव एकाएकीं चढूं लागले, लोक गांव सोडून भटकूं लागले, चोऱ्या वाढल्या, म्हणजे तीं दुष्काळाचीं चिन्हें समजावींत आणि कसोटीचीं कामें उघडून मजुरीला किती लोक येतात तें पाहावें, असे नियम त्यांत घालून दिलेले होते. माणसें मरूं लागण्यापूर्वीं हालचाल करण्याचा हा नियम त्या काळाच्या मानानें शहाणपणाचा होता. त्या राज्यकर्त्यांचा हात आंखडता होता आणि १८९६ व १८९९ च्या दुष्काळांत लक्षावधि लोक मेलेच, हेंही येथें सांगितलें पाहिजे. परंतु संहितेंतील खरी उणीव उघडी पडली ती १९४३ सालीं, बंगालमध्यें. संहिता कपाटांत होती. तिच्यांतील चिन्हें रस्तोरस्तीं दिसत होतीं. परंतु ती लागू झाल्याचें सरकारनें जाहीर केलेंच नाहीं. जाहीर केलें तर तींत ठरविलेला शिधा पुरवावा लागणार, आणि तेवढें धान्य हातीं नाहीं, असें त्याचें कारण मागाहून देण्यांत आलें. वीस ते तीस लक्ष माणसें त्या दुष्काळांत गेलीं. नियम होता, चिन्हें होतीं. पण 'आतां सुरुवात करा' हा शब्द उच्चारणें एका माणसाच्या मर्जीवर राहिलें होतें, आणि त्या शब्दाच्या पाठीशीं अगोदर बाजूला काढून ठेवलेलें धान्य नव्हतें. या दोन गोष्टी वाचकांनीं मनांत ठेवाव्या; पुढील सारी हकीकत त्यांच्याभोंवतींच फिरते.

त्याच बंगालचा पूर्वभाग म्हणजे आजचा बांगलादेश. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्रीं तेथील भोला बेटावर व आसपासच्या किनाऱ्यावर समुद्र चढून आला. निदान तीन लक्ष माणसें त्या एका रात्रीं बुडालीं. कांहींच्या मतें पांच लक्ष. तझुमुद्दीन नांवाच्या ठाण्याची जवळजवळ निम्मी वस्ती नाहींशी झाली. आणि वादळ अचानक आलें होतें असेंही नव्हे! उपग्रहाच्या छायाचित्रांत तें दिसलें होतें, रेडिओवरून इशाराहि दिला गेला होता. मागाहून चौकशी करणाऱ्यांस असें आढळलें कीं, वादळ येत असल्याचें बहुतेकांना ठाऊक होतें. परंतु भक्कम इमारतींत आसरा घेणारे शेंकडा एकाच्या आसपास निघाले. जावयाचें कोठें, केव्हां निघावयाचें, घरच्या गुरांचें काय करावयाचें, हें त्यांना कोणीं सांगितलें नव्हतें, आणि जाण्यासारखी जागाहि फारशी नव्हती.

त्यानंतर १९७२ सालीं रेडक्रॉसच्या पुढाकारानें तेथें किनाऱ्यावर स्वयंसेवकांची एक योजना सुरू झाली, आणि पुढल्या वर्षीं सरकारनें तींत आपला हात घातला. तिची रचना अगदीं साधी आहे. गांवांतलीच माणसें, त्यांच्या हातीं कर्णे, हातानें फिरविण्याचे भोंगे आणि निशाणें. धोका वाढत जाईल तसतशीं निशाणें एकाचीं दोन, दोहोंचीं तीन होतात. अक्षरशत्रूलाहि तीं वाचतां येतात. गुरें नेण्यासाठीं मातीचे उंच किल्ले बांधले गेले, कारण आपली गाय मागें सोडून शेतकरी हलत नाहीं, हें त्या योजनेच्या चालकांनीं ओळखलें.

तरीही २९ एप्रिल १९९१ च्या वादळानें सुमारें १,३८,००० बळी घेतले. त्यांत वीस ते चव्वेचाळीस वर्षांच्या वयाच्या पुरुषांत हजारीं १५ मेले, तर त्याच वयाच्या स्त्रियांत हजारीं ७१! हा आंकडा आमच्या भगिनींनीं जरा थांबून वाचावा. पाणी स्त्री-पुरुष ओळखीत नाहीं. परंतु नवरा घरीं नसतां त्याच्या परवानगीवांचून उंबरठा ओलांडावा कीं नाहीं, परक्या पुरुषांच्या गर्दींत आश्रयगृहांत रात्र काढावी कशी, काखेला मूल आणि अंगाला ओलें लुगडें गुंडाळलेलें असतां पोहावें कसें, हे प्रश्न केवळ स्त्रियांपुढें होते, आणि त्यांचीं उत्तरें शोधण्यांत जी घटका गेली तीच काळघटका ठरली. निशाण वर चढवून काम भागत नाहीं. घरांत शिरून बाईशीं बोलणारें माणूस पाहिजे, आणि तें माणूस बाईच पाहिजे. आज या योजनेंत सुमारें ७६ हजार स्वयंसेवक असून त्यांत निम्म्या स्त्रिया आहेत. २००७ च्या 'सिद्र' वादळांत मृतांची संख्या सुमारें ३,४०० वर आली. मे २०२० च्या 'अंफान'च्या वेळीं वीस लक्षांहून अधिक माणसें आधींच हलविलीं गेलीं, तीं कोरोनाच्या साथींत तोंडें बांधून. आणि त्या देशांतील मृतांचा आंकडा दोन अंकांतच राहिला. पन्नास वर्षांतील हा पालट कोणत्याहि यंत्रापेक्षां माणसांच्या संवयीचा आहे, असें आम्हांस वाटतें.

येथवर प्राण वांचविण्याची गोष्ट झाली. परंतु जीव घेऊन परतलेल्या कुटुंबाचा संसार वांचवावयाचा कसा, या पुढच्या प्रश्नाला हात घातला गेला तो त्याच वर्षीं, त्याच देशांत, मात्र समुद्रकांठीं नव्हे तर उत्तरेकडे.

ब्रह्मपुत्रा आसामांतून बांगलादेशांत शिरली कीं तिला 'जमुना' म्हणतात. तिच्या प्रचंड पात्रांत गाळाचीं बेटें बनतात व मोडतात. त्यांना 'चर' असें नांव आहे. लाखों गोरगरीब त्या चरांवर राहतात, कारण दुसरीकडे जमीन नाहीं. पूर हा त्यांचा दरसालचा पाहुणा आहे. मोठा पूर आला कीं मजुरी थांबते, चूल पाण्यांत जाते, चारा सडतो, मग व्यापारी नावेंतून येऊन पडेल भावानें गाय घेऊन जातो, सावकार जबर व्याजानें पैसे देतो, आणि एवढेंही न साधलें तर घरांतील वडील माणसें एक वेळ जेवतात व आई तीहि सोडते. पाणी ओसरल्यावर महिन्यां-दोन महिन्यांनीं तांदूळ वांटण्यास मंडळी येतात, तोंवर गाय विकून झालेली असते. नंतर आलेला तांदूळ ती गाय परत आणीत नाहीं.

२०२० सालीं संयुक्त राष्ट्रांच्या मध्यवर्ती आणीबाणी निधीनें या चरांसाठीं एक करार पावसाळ्यापूर्वींच करून ठेवला. त्याचें मर्म असें: नदीवर जमालपूर जिल्ह्यांत बहादुराबाद येथें पाण्याची पातळी मोजतात. युरोपांतून चालणाऱ्या जागतिक पूर-सूचना पद्धतीनें मोठ्या पुराची शक्यता निम्म्याहून अधिक वर्तविली, म्हणजे ती पहिली पायरी. तेव्हां याद्या उघडावयाच्या, सामान हलवावयाचें. पुढें ढाक्याच्या पूर-अंदाज केंद्रानें पांच दिवसांच्या मुदतीनें सांगितलें कीं, बहादुराबादेस पाणी धोक्याच्या रेषेवर ८५ सेंटिमीटर चढणार, म्हणजे ती दुसरी पायरी; तेव्हां वांटप करावयाचें. पैसा आधींच ठरलेला, कोणीं काय करावयाचें तें ठरलेलें, आणि मुख्य म्हणजे 'आतां सुरुवात करा' हा शब्द माणसाच्या तोंडीं न ठेवतां नदीच्या आंकड्यावर सोंपविलेला. १९४३ सालीं ज्या दोन गोष्टी नव्हत्या त्या हेंच होत.

४ जुलै रोजीं पहिली पायरी आली, ११ जुलै रोजीं दुसरी. ५२ लक्ष डॉलर मोकळे झाले. जागतिक अन्न कार्यक्रमानें जवळजवळ दीड लक्ष माणसांच्या कुटुंबांस, दर कुटुंबीं ४,५०० टका, मोबाइलवरील 'बिकाश' नांवाच्या खात्यांत पाठविले. अन्न व कृषि संघटनेनें गुरांसाठीं खाद्य आणि धान्य-बियाणें कोरडें राहावें म्हणून झांकणाचीं पिंपें दिलीं. लोकसंख्या निधीनें स्त्रियांना लागणाऱ्या आरोग्याच्या वस्तु पुरविल्या. पिंप ही वस्तु मोठ्या अहवालांत फार क्षुद्र दिसते. परंतु ज्या घरांत बियाणें भिजलें त्या घरीं पुढलें पीक उसनवारीवर उभें राहतें, हें शेतीवाडी पाहिलेल्या वाचकांस सांगावयास नको.

जूनच्या अखेरीस पाण्याचा एक लोंढा येऊन गेलाच होता, आणि जुलैच्या मध्यास नदीला दुसरें भरतें आलें तेव्हां वांटप चालू होतें. म्हणजे सर्वांच्याच हातीं पैसे कोरड्या पायांनीं पडले असें नाहीं. तथापि परिणाम काय झाला, हें ऑक्सफर्ड विद्यापीठांतील संशोधकांनीं मागाहून तपासलें. ज्यांचीं खातीं वेळेंत पडताळून झालीं नाहींत म्हणून ज्यांना पैसे पोंचले नाहींत, अशा तशाच गरीब कुटुंबांशीं त्यांनीं तुलना केली. २०२१ मध्यें त्यांनीं निष्कर्ष प्रसिद्ध केला कीं, पैसे मिळालेल्या कुटुंबांवर पुराच्या दिवसांत अख्खा दिवस उपाशी काढण्याची पाळी ३६ टक्क्यांनीं कमी आली. तीन महिन्यांनंतरहि त्यांच्याकडील मुलांचें व मोठ्यांचें खाणें बरें होतें, आणि महागडें कर्ज त्यांनीं कमी काढलें होतें. पैसे एक दिवस जरी लवकर मिळाले तरी त्याचा गुण दिसला. लोकांनीं ते पैसे मुख्यतः अन्नावर खर्चिले. गरिबाच्या हातीं रोख दिली कीं ती व्यसनांत जाते, असें मानणाऱ्या सज्जनांनीं हें वाक्य अवश्य वाचावें.

याच्या उलट चित्र सोमालियाचें. २०१० च्या ऑगस्टपासून दुष्काळाचा अंदाज घेणाऱ्या संस्था इशारे देत होत्या. ऑक्टोबर ते डिसेंबरचा पाऊस बुडाला. पुढच्या वसंतांतलाहि फसला. तरी जगाची थैली खऱ्या अर्थानें सुटली ती २० जुलै २०११ रोजीं दुष्काळ अधिकृतपणें जाहीर झाल्यावर. पुढें हिशेब झाला तेव्हां सुमारें २,५८,००० माणसें मेल्याचें दिसलें. त्यांत निम्मीं पांच वर्षांखालचीं मुलें. आणि सर्व मृत्यूंपैकीं जवळजवळ निम्मे त्या जाहीरनाम्याच्या आधींच घडून गेले होते. तेथें यादवी होती, सशस्त्र टोळ्या मदतीला वाट देत नव्हत्या, हें सर्व खरें. परंतु दान देणाऱ्यांस कुपोषित बालकांचीं छायाचित्रें दिसल्यावांचून पाझर फुटला नाहीं, हेंही खरें. छायाचित्र हा देखील एक पंचनामाच आहे.

आतां मुख्य आक्षेप. पूर येईल म्हणून पैसे वांटले आणि पूर आलाच नाहीं तर? हा आक्षेप पोरकट नाहीं. निम्म्याहून अधिक शक्यता म्हणजे खात्री नव्हे. अशा नियमानें वागलें तर कांहीं वर्षीं वांटप होईल व नदी मुकाट्यानें कांठांतून वाहून जाईल, हें धरूनच चाललें पाहिजे. मग हिशेबनीस विचारणार कीं, हा खर्च कोणत्या सदरीं टाकावयाचा? याला उत्तर दोन प्रकारचें आहे. एक तर अगाऊ करावयाचें काम असें निवडावें कीं, संकट न आलें तरी तें वायां जाऊं नये. चारा गुरें खातातच, पिंपांत बियाणें राहतेंच, गरिबाच्या घरीं आलेले पैसे तेथेंच कामीं लागतात. परंतु अख्खें गांव उठवून शाळेंत कोंबलें आणि वादळ फिरकलें नाहीं, तर पुढल्या वेळीं गांव उठणार नाहीं. म्हणून स्वस्त व निरुपद्रवी उपाय थोड्या शक्यतेवरहि करावे, महागडे व त्रासदायक उपाय जवळजवळ खात्री झाल्यावरच. दुसरें असें कीं, तुलना करावयाची ती 'खर्च' आणि 'बचत' यांची नसून अगाऊ केलेला थोडा खर्च आणि मागाहून केलेला मोठा खर्च यांची. घराचीं कौलें आगोटीपूर्वीं परतणें आणि भाद्रपदांत कुजलेला वासा बदलणें, यांतील स्वस्त कोणतें, हें विचारण्यास हिशेबनीस कशाला पाहिजे?

मात्र या पद्धतीला सर्वरोगहारी मात्रा समजणें चुकीचें होईल. भूकंपाला अंदाज नाहीं. डोंगर खचण्याची घटका सांगतां येत नाहीं. शिवाय नियम ज्या नदीसाठीं केला तिच्यापुरताच तो चालतो. जून २०२२ मध्यें बांगलादेशाच्या ईशान्येस सिल्हेट व सुनामगंज हे जिल्हे भयंकर पुरांत सांपडले. परंतु वरील कराराचा विषय जमुना होता, सुरमा व कुशियारा नव्हत्या. डोंगरांतून उतरणारें तें पाणी येतेंही झपाट्यानें. दहा दिवसांची सवड देत नाहीं. आणि पैशाकडे पाहिलें तर अलीकडील हिशेबांप्रमाणें जगांतील एकूण संकटकालीन मदतींपैकीं जेमतेम एक टक्का अशा रीतीनें आधीं खर्च होतो. बाकी सारें अद्याप पंचनाम्यानंतरच.

आमच्या मतें याहूनहि अवघड गोष्ट यादीची आहे. मोबाइल असतो पुरुषाच्या खिशांत, आणि सर्वांत गरीब विधवेच्या घरीं बहुधा तो नसतोच. मग पैसे तिच्यापर्यंत जावयाचे कसे? अंदाजाचें गणित युरोपांतील यंत्रें करतात, पण कोणत्या झोंपडींत म्हातारी एकटी आहे, कोणाची सून दिवसांत आहे, हें त्या यंत्रांस दिसत नाहीं. तें काम शेजारच्या शिक्षकाचें, दाईचें, स्वयंसेवक बाईचें. आणि तें पूर नसतांना, कोरड्या दिवसांत, कोणी वाहवा करीत नसतांना करावयाचें.

२०२४ च्या जुलैच्या आरंभीं जमुनेच्या अंदाजानें पुन्हा ठरलेली रेषा ओलांडली, आणि ठरल्याप्रमाणें सुमारें ६२ लक्ष डॉलर चरांकडे निघाले. मधल्या चार वर्षांत नदीनें कांहीं चर गिळले होते, कांहीं नवे वर काढले होते. चर गेला कीं तेथील माणसें घराचे पत्रे व बांबू नावेंत घालून दुसऱ्या चरावर जातात, आणि यादींतला पत्ता मात्र पाण्याखालीं राहतो. म्हणून ती यादी दर पावसाळ्यापूर्वीं दारोदार फिरून पुन्हा लिहावी लागते.